माझं नाव नगा सांगू

पहाटे डेअरीचा भोंगा होतो,
मग मी घंटा वाजवते.
घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा,
माझ्या आधीच्या बायबलबाईंनी
मिरजेहून एसटीच्या टपावर घालून आणलेला.
उपासनेला आम्ही चौघं:
मी, शांतवन आवळे, त्याची आई,
आणि आढ्यावरची पाकोळी,
जी गीत सुरू झालं की हटकून बाहेर जाते.

नगरहून पहिल्यांदा तळेमाळला आले
तेव्हा पाणवठ्यावर कान टवकारले होते.
इथल्या बायका म्हणत होत्या,
मी जेवलो, मी धुणं धुतलो, मी निघालो.
मनात आलं, आधी व्याकरण शिकवावं लागणार,
तारण नंतर.

अकरा वर्षं झाली.

सकाळी कुणाचा तरी दाखल्याचा अर्ज लिहायचा.
मग बाळगोंडा औषधाची बाटली घेऊन येतो,
बारीक अक्षर मी उजेडात धरून वाचते:
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
तो विचारतो, आणि जेवलो न्हाई तर?
मी बाटली फिरवून पाहते.
त्याबद्दल काही छापलेलं नाही.

दुपारी गुऱ्हाळावर.
बीडकडून तोडणीला आलेल्या बायकांच्या
पोरांचे कान कोमट पाण्यानं पुसायचे,
उसाच्या पात्यानं चिरलेल्या पोटऱ्या बांधायच्या.
गुळव्यानं एकदा पुस्तिका मागून घेतली.
मी हरखले.
आठवड्यानं पाहते तर तिच्यावर गुळाचा खडा,
पानं चिकटून एकच पान झालेलं.
रागवायला तोंड उघडलं
तर त्यानं तोच खडा माझ्या हातावर ठेवला.

महिनाअखेरीला कोल्हापूरला कौन्सिलच्या कचेरीत
अहवाल द्यायचा.
घरभेटी: बेचाळीस.
पुस्तिका: अठरा.
नवे आत्मे:
इथं मी दरवेळी पेन झटकते.
शाई असते पेनात.

परवा मध्यरात्री हौसाक्का दारात,
हातात बॅटरी, उंबऱ्याच्या बाहेरच उभी.
"बाई, म्हस अडलीया.
डाक्टरचा फोन लागंना.
जोतिबाला बोलून झालं.
तुमच्या देवाला पण सांगा की.
पर माझं नाव नगा सांगू.
डोंगरावरच्याला कळलं तर काय म्हणंल?"

गोठ्यात कोपरापर्यंत हात माखलेले,
हौसाक्का म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून,
आणि मी मिटल्या डोळ्यांनी म्हणाले:
बापा, एक बाई आहे.
तिची एक म्हैस आहे.
नाव सांगायची मनाई आहे.
गल्ली तुला ठाऊक असेल,
पाण्याच्या टाकीच्या मागची.

रेडकू पहाटे आलं. मेलेलं.
म्हैस वाचली.
"निम्मं ऐकलं," हौसाक्का म्हणाली
आणि हात धुवायला मला तांब्या दिला.
निम्मं कुणी ऐकलं
हे विचारायचं दोघींनीही टाळलं.

रविवारी तिचा नातू चीक घेऊन आला,
स्टीलच्या डब्यात, वर फडकं.
"कुणी दिलं म्हणून सांगायचं न्हाई म्हटलीया आज्जी."
शांतवनच्या आईनं खरवस केला, वेलदोडा घालून.
उपासनेनंतर तिघांनी खाल्ला.
मेलेल्या रेडकाच्या वाट्याचा होता तो,
हे घास घशाशी आल्यावर आठवलं.
तरी गिळला. गोड होता.

त्या रात्री अहवाल पुढ्यात घेतला.
घरभेटीत गोठा धरतात का,
खाली टीप नव्हती.
रकाना तसाच ठेवून गुडघे टेकले,
बाळगोंडाच्या जेवणाचं सांगितलं,
तोडणीच्या पोरांच्या कानांचं,
टाकीमागच्या त्या बाईचं, अजून बिननावाचंच.
शेवटी आमेन म्हणायचं होतं.
तोंडातून आलं,
येतो, बापा.

आणि उठलो.